स्पॅनिशमधील अपूर्ण भूतकाळी सब्जंक्टिव्ह : तक्त्याच्या मर्यादा

परकीय भाषांच्या पाठ्यपुस्तकांत स्पॅनिशच्या अपूर्ण भूतकाळी सब्जंक्टिव्हची ओळख बहुधा एका तक्त्याने करून दिली जाते, आणि तक्ता पाठ झाला की प्रकरण संपले असे मानले जाते. या पद्धतीची चिकित्सा मराठीभाषक विद्यार्थ्याच्या दृष्टीने प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

नियम साधा आहे. साध्या भूतकाळाचे तृतीयपुरुषी अनेकवचन घ्यावे, त्यातील अंत्य 'रोन' काढावा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे प्रत्यय लावावेत. 'आब्लारोन' (ते बोलले) यावरून 'आब्लारा', 'कोमिएरोन' (ते जेवले) यावरून 'कोमिएरा', 'बिबिएरोन' (ते राहिले) यावरून 'बिबिएरा'. अनियमित क्रियापदांतही हा नियम ढळत नाही, कारण साधा भूतकाळ आणि ही 'रा' रूपे लॅटिनमधील एकाच पूर्णभूत अंगापासून निघाली आहेत. पाठ्यपुस्तके मात्र हे कारण क्वचितच सांगतात. परिणामी विद्यार्थी सोपी वाट शोधतो : 'आब्लार' या मूळ धातुरूपाला 'आ' जोडला की 'आब्लारा' मिळतेच! 'कोमेर'वर हीच युक्ती चालवली की 'कोमेरा' असे चुकीचे रूप हाती येते.

देवनागरीत उच्चार टिपून घेण्याची आपली सवय येथे आणखी घात करते. बलाघात 'ब्ला'वर असेल तर सब्जंक्टिव्ह, अंत्य 'रा'वर असेल तर 'तो बोलेल' असा भविष्यकाळ. स्पॅनिश लेखन हा भेद स्वरचिन्हाने दाखविते; वहीत मात्र दोन्ही 'आब्लारा'च.

खरी अडचण अर्थाची आहे. 'तू बोलावेस अशी त्याची इच्छा आहे' आणि 'तू बोलावेस अशी त्याची इच्छा होती' या दोन्ही मराठी वाक्यांत 'बोलावेस' अविकृत राहते. काळाचा भार मुख्य क्रियापद वाहते. स्पॅनिशमध्ये पहिल्या ठिकाणी 'आब्लेस', दुसऱ्या ठिकाणी 'आब्लारास' अनिवार्य ठरते. येथवर आपला विध्यर्थ सोबत करतो. परंतु 'सि बिबिएरा एन माद्रिद' म्हणजे 'तो माद्रिदमध्ये राहत असता तर'. हा संकेतार्थ झाला, आणि येथे भूतकाळ केवळ नावापुरता, कारण बोलणे वर्तमानाविषयीचे आहे. मराठी व्याकरणाने ज्यांना दोन स्वतंत्र अर्थ मानले, ते एकाच रूपात नांदतात. 'सब्जंक्टिव्ह'ला एकच मराठी प्रतिशब्द देण्याचा अट्टाहास म्हणूनच फसतो. शिक्षकाने दोन्ही मराठी रचना शेजारी शेजारी मांडल्या, तर तक्ता वर्गात आपोआप जिवंत होईल.

'से' रूपांची ('आब्लासे', 'कोमिएसे') बोळवण तर 'पर्यायी' या एका शब्दावर होते. त्यांचा उगम लॅटिनच्या सब्जंक्टिव्हमध्ये आहे; 'रा' रूपे मात्र मुळात निश्चयार्थी पूर्णभूताची होती. तो जुना 'बोलला होता' हा अर्थ लेखी स्पॅनिशमध्ये आजही अधूनमधून डोकावतो आणि आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ च्या व्याकरणात त्यावर टीकाही केली होती. आज 'रा' अधिक प्रचलित आहे, विशेषतः अमेरिका खंडात. शिवाय नम्रपणे काही मागताना 'किसिएरा' (मला हवे होते) म्हणतात. तेथे 'किसिएसे' प्रमाणभाषेत बसत नाही, आणि 'पर्यायी' या शब्दावर विसंबलेला विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो.