शुक्रवारचा उपवास आणि मतदाराची विवेकबुद्धी

दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी ८ मे २०१८ रोजी आपल्या धर्मप्रांतातील धर्मगुरूंना धाडलेले पत्र त्या वर्षी पुष्कळ गाजले. देशातील राजकीय वातावरण अस्वस्थ असून संविधानातील लोकशाही तत्त्वांना धोका आहे, अशी चिंता त्यात होती. २०१९ ची निवडणूक दृष्टीसमोर ठेवून श्रद्धावंतांनी दर शुक्रवारी उपवास करावा, निदान एक जेवण सोडावे, असे आवाहन होते. पक्षाचे नाव त्यात कोठेही नव्हते. तरीही सत्ताधारी पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यावर धर्माच्या आधारे मतदारांना वळवल्याचा आक्षेप घेतला. वृत्तपत्रांनी पत्राचा हेतू शोधला. त्याचे वाङ्मयीन रूप मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम धर्माच्या नावाने मत मागण्यास, तसेच ईश्वरी कोपाचे भय घालून मतदारावर दडपण आणण्यास भ्रष्टाचार मानते. सांताक्रूझच्या १९९० मधील निवडणुकीवरून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला. प्रस्तुत पत्र उपवास मागते, मत मागत नाही.

परंतु कायद्यातून सुटलेले लेखन साहित्य म्हणून उतरतेच असे नाही. पत्रासोबतची प्रार्थना विधिमंडळ, न्यायसंस्था, प्रसारमाध्यमे यांची एकामागून एक नावे घेते. तिची शब्दकळा संविधानाच्या उद्देशिकेची आहे, स्तोत्रसंहितेची नव्हे. कैसराच्या नाण्याचा प्रसंग किंवा रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय प्रजेला उद्देशून आहे. तेथे राजा वेगळा आणि प्रजा वेगळी. प्रजासत्ताकात मतदार स्वतःच अंशतः कैसर असतो. तेव्हा कैसराला काय द्यावे, या प्रश्नाच्या जोडीला आपण कसला कैसर आहोत, हाही प्रश्न उभा राहतो. पत्र त्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते.

संविधान सभेत हा उंबरठा एकदा ओलांडला गेला होता. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांचे राखीव मतदारसंघ रद्द झाले, त्यास त्यांचा हार्दिक पाठिंबा होता. शेजाऱ्यावर विश्वास टाकण्याची ती श्रद्धा होती, आणि तिची किंमत त्यांच्या समाजाने स्वतः मोजली.

मराठी वाचकाला येथे नारायण वामन टिळक आठवल्यावाचून राहत नाहीत. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. दरबार हा शब्द राज्यसत्तेचा. टिळकांनी तो सत्तेपासून काढून घेतला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोघांनाही तेथे बसविले. (दिल्लीतच सहा वर्षांपूर्वी पंचम जॉर्जचा दरबार भरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे शब्दाची धार कळते.) टिळकांचे देशप्रेम आणि भक्ती एकाच अभंगाच्या चालीत नांदतात, कारण दोन्हींचा आरंभ स्वतःच्या उणिवेच्या कबुलीतून होतो.

कुटोंच्या पत्रात नेमकी हीच उणीव जाणवते. उपवास हे प्रायश्चित्त आहे, आणि प्रायश्चित्त आधी स्वतःचे असते. आमोस संदेष्टा शेजारी राष्ट्रांचे दोष सांगत सांगत अखेर आपल्याच लोकांवर येतो. त्याच्या वाणीचे बळ त्या वळणात आहे. पत्रातील दोष बहुतांशी बाहेरचेच राहतात. प्रार्थनेत दलित व आदिवासी यांचा उल्लेख आहे, पण राष्ट्राने त्यांना मुख्य प्रवाहात आणावे, एवढ्यापुरताच. वस्तुतः दिल्लीच्या त्याच अशोक प्लेसवर, सेक्रेड हार्ट कॅथीड्रलच्या शेजारी कार्यालय असलेल्या कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये चर्चमध्ये जातिभेद व अस्पृश्यता असल्याचे आपल्या धोरणपत्रात मान्य केले होते. ती कबुली या प्रार्थनेत एका ओळीपुरती जरी उतरली असती, तरी शुक्रवारच्या उपवासाला स्वतःच्या भुकेचा अर्थ आला असता.