सुगरणीचा खोपा आणि नर-मादीचा तोल

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या ‘बहिणाबाईंची गाणी’ (१९५२) या संग्रहातील सुगरणीच्या खोप्यावरील कवितेचा गौरव बहुधा सूक्ष्म निसर्गनिरीक्षणाचा नमुना म्हणून केला जातो. हा अभिप्राय इतका रूढ झाला आहे की, तो पारखून पाहण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः या कवितेत पक्ष्यांच्या नर-मादीविषयी जे सांगितले आहे, ते पक्षिशास्त्राशी जुळत नाही. हा विसंवाद दोष मानावा काय, आणि मानल्यास तो कवितेच्या कोणत्या अंगास बाधतो, हा प्रश्न टीकेने टाळता कामा नये.

कवितेत मुख्यतः चार गोष्टी येतात. मादी खोपा विणते. तिचा जीव पिलांत गुंतलेला असतो. तिच्या वाट्यास आलेला नर मात्र गबाळा असून तोच तिचा जन्माचा जोडीदार आहे. आणि केवळ चोचीच्या बळावर हे साधणाऱ्या पाखराकडून दोन हात व दहा बोटे लाभलेल्या माणसाने बोध घ्यावा.

सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्याच्या विणीचे जे निरीक्षण केले, त्यावरून खरा प्रकार निराळा असल्याचे सिद्ध झाले. खोपा विणतो तो नर. अर्धवट विणलेले खोपे मादी पाहून जाते. एखादा पसंत पडला म्हणजे ती तेथे राहते व नर त्यास लांब नळीसारखे प्रवेशद्वार जोडून काम पुरे करतो. अंडी उबविण्याचे काम मादीचे, आणि पिलांच्या संगोपनाचा भारही मुख्यतः तिच्यावरच. नर तोवर दुसरा खोपा विणावयास घेतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. म्हणजे एका नराच्या वाट्यास एकाच हंगामात एकाहून अधिक माद्या येतात. गबाळा नर आणि जन्माची सोबत, या दोन्ही गोष्टी येथे लागू पडत नाहीत.

जन्माच्या सोबतीचा दाखला पक्षिसृष्टीत शोधावयाचा तर तो हंसकुळात सापडतो. तेथे जोडी दीर्घकाळ टिकते व मादी अंड्यांवर बसली असता नर पहारा करतो. अर्थात माणसाने पाळलेल्या हंसांत हा तोल पालकाच्या हिशेबाने ठरतो. जड जातीत एका नरामागे दोन-तीन, तर हलक्या जातीत चार-पाच माद्या ठेवतात. नर अधिक झाल्यास त्यांच्यात भांडणे माजतात. तात्पर्य, नर-मादीचे नाते प्रत्येक जातीत वेगळे असते. त्यातून मानवी संसाराचा एकच नियम काढता येत नाही.

मग कवयित्रीचे डोळे चुकले काय? तसे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. जळगाव-धुळे भागात विहिरीवर कललेल्या बाभळीवर लोंबणारे खोपे शेतकऱ्यास नित्य दिसतात. खोप्याची वीण, त्याचे टांगलेपण आणि वाळलेल्या गिलक्याशी असलेले त्याचे साम्य कवितेत अचूक उतरले आहे. पिलांना चारा घेऊन वारंवार ये-जा करणारी ती तपकिरी मादीच. त्यामुळे पिलांत गुंतलेल्या जिवाचे चित्रही खरे आहे. विणकराच्या बाबतीत मात्र भाषेने आधीच निर्णय दिलेला होता असे दिसते. ‘सुगरण’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि तो गृहकृत्यात निपुण स्त्रीलाही लावतात. ज्या पाखराचे नावच असे, त्याच्या घराची कर्तबगारी नराकडे जाणे बोलीच्या स्वभावात बसणारे नव्हते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. माणसास केलेल्या शेवटच्या उपदेशाला या चुकीने बाध येत नाही. विणणारा नर असो वा मादी, चोच एकच राहते. नराविषयीच्या कडव्याचे मात्र तसे नाही. त्यातील विनोद बाईच्या कर्तबगारीस पुरुषाची जोड अपुरी पडते या जाणिवेवर उभा आहे, आणि ती जाणीव झाडावरून आलेली नसून घरातून आली आहे. त्या कडव्याला निसर्गनिरीक्षण म्हणणे म्हणजे त्यातील सामाजिक टीकेचा धारदारपणा बोथट करणे होय. उलट, बहिणाबाईंना अकाली आलेले वैधव्य पुढे करून तेथे चरित्राचा पुरावा शोधणेही अप्रस्तुत ठरेल. कवितेत त्यास काहीच आधार नाही.

कवीला सर्व माफ असते, असे म्हणून हा प्रश्न मिटविणे हा कवितेचा खरा सन्मान नव्हे. पदव्युत्तर वर्गात ही कविता शिकविताना पक्ष्याची खरी हकीगत तिच्या शेजारी ठेवावी. तसे केल्याने कविता उणी होत नाही. ती झाडाविषयी कोठे बोलते आणि संसाराविषयी कोठे, हे मात्र स्पष्ट होते.