शंभर रुपयांचा कॅमेरा आणि तीन अटी

मागच्या जूनमध्ये पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी हिंगणीला राहायला आलो. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवरचं हे गाव. परिसरातल्या एका शाळेत गणित आणि कॉम्प्युटर शिकवतो. येताना एक सेकंडहँड कॅमेरा घेतला होता. दोन महिन्यांत मला आपण फोटोग्राफर झाल्यासारखं वाटू लागलं. परिपाठाच्या वेळचं तिरकं ऊन, कपाशीच्या धुऱ्यावरून चालत येणारी मुलं, पाठीवर दप्तरं. पुण्याच्या मित्रांना फोटो पाठवले की उत्तर यायचं, ‘भारी! किती रिमोट आहे रे!’

आता हिंगणीला एसटी येते. बोरचं जंगल बघायला येणाऱ्यांच्या गाड्याही दिसतात. गाव दुर्गम दिसत होतं, कारण मोबाइलचा टॉवर आणि मोटारसायकली मी फ्रेमबाहेर ठेवत होतो.

मग एक दिवस सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ‘सर, माहा फोटो कोनाले दाखवला?’ बाकावर डोकं टेकून झोपलेली असताना काढलेला तिचा फोटो होता. माझ्या मते मी तोवर काढलेल्यांतला सगळ्यात चांगला. तो मी चाळीसेक लोकांना पाठवला होता. तिला मी काहीच उत्तर दिलं नाही.

त्यानंतर मी कनू गांधींचे फोटो पुन्हा बघायला घेतले. निमित्त सेवाग्रामचं. ते इथून जवळच आहे, आणि कॅमेरा हातात घेणाऱ्या माणसावर घातलेल्या सगळ्यात प्रसिद्ध अटी तिथल्याच आहेत.

कनू (१९१७–१९८६) नात्याने गांधींचे नातू लागत. आश्रमात पत्रव्यवहार आणि हिशेबाची कामं बघत. त्यांना फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स आणि एक रोल आला. गांधींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही. या अटी पाळून कनूंनी गांधींच्या शेवटच्या दहाएक वर्षांतले फोटो काढले. २०१५ साली नझर फाउंडेशनने ‘कनूज गांधी’ या पुस्तकात त्यांतले निवडक छापले, तेव्हा त्यांच्याकडे नव्याने लक्ष गेलं.

इंजिनिअर म्हणून मला अटी आवडतात. चांगलं डिझाइन बऱ्याचदा अडचणीतूनच निघतं. फ्लॅश नाही, त्या काळची फिल्म संथ, झोपडीत उजेड कमी. त्यामुळे कनूंच्या कितीतरी फोटोंत चेहरा अर्धा अंधारात असतो, हात हललेला असतो. पोज नाही, म्हणून गांधी बरेचदा पाठमोरे किंवा एका बाजूने दिसतात. फोनवर बोलणारे, वजनकाट्यावर उभे असलेले, रेल्वेच्या डब्यातून हात बाहेर काढून हरिजन फंडासाठी पैसे मागणारे गांधी. हा माणूस आपल्याकडे बघत नाही, त्याला काम आहे. मार्गारेट बर्क-व्हाइटने १९४६ साली काढलेला चरख्याजवळचा जगप्रसिद्ध फोटो शेजारी ठेवून बघा. तिला आधी सूत कातायला शिकावं लागलं आणि मोजकेच फ्लॅशबल्ब वापरायची परवानगी मिळाली. तो फोटो जास्त नेटका आहे, पण त्यात एक पाहुणी आलेली आहे हे कळतं. कनूंच्या फोटोंत घरातला माणूस आहे.

रोलायफ्लेक्सचा यात वाटा असावा. हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत. छाती-पोटाशी धरून मान खाली घालून बघतात. एका रोलमध्ये बारा फोटो. माझ्या मेमरी कार्डात हजारो मावतात.

इथवर कनूंचं कौतुक सोपं होतं. अडचण नंतर आली. मी त्या तीन अटी माझ्या फोटोला लावून पाहिल्या. फ्लॅश नव्हता. पोज नव्हती, मुलगी तर झोपलेली होती. खर्च माझा होता. तिन्ही अटी पूर्ण, आणि तरी फोटो चुकलेलाच.

मग या अटींबद्दलचं आपलं वाचन कुठेतरी अपुरं आहे. आपण त्या तंत्राच्या किंवा साधेपणाच्या अटी समजतो. पण त्यांचा जोर त्या कोणी घातल्या यात आहे. ज्याचा फोटो निघणार, त्यानेच घातल्या. नाही म्हणायचा अधिकार त्याच्याकडे होता आणि त्याने तो वापरला. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत असताना गांधींनी कनूंना फोटो काढू दिला नाही. तो फोटो जगात नाही. त्याचं नसणंही मला कनूंच्या कामाचाच भाग वाटतं.

त्या अधिकाराशिवाय ‘सहज टिपलेला क्षण’ म्हणजे नुसती चोरी असू शकते. वर्गातल्या मुलांना मास्तरांना अटी घालता येत नाहीत. मास्तर पेपर तपासतात.

यावर एक उत्तर अमेरिकेत शोधलं गेलं. वेंडी इवाल्ड १९७५ साली केंटकीच्या डोंगरातल्या लेचर काउंटीत गेली आणि तिथल्या शाळांत फोटोग्राफी शिकवू लागली. मुलांच्या हातात साधे, स्वस्त कॅमेरे आले. फोटो काढायचे आणि धुवायचेही त्यांनीच. विषय दिले ते स्वतः, घरची माणसं, जनावरं आणि स्वप्नं. १९८५ साली आलेल्या ‘पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स’मध्ये मुलांचेच फोटो आहेत. बाहेरच्या छायाचित्रकारांनी त्या डोंगरांत गरिबी पाहिली होती. मुलांनी तिथे लाल ताऱ्यांचं आकाशसुद्धा पाहिलं. पुढे गुजरातमधल्या एका गावातही तिने असंच काम केलं. १९३७ च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकण्याचा जो विचार मांडला गेला, त्याच्या हे किती जवळ आहे, हे इथे बसून वाचताना जाणवतं. पण इवाल्डचं उत्तरही पूर्ण नाही. मुलांचे फोटो निवडून पुस्तकात लावायला शेवटी मोठं माणूस लागलंच.

कनूंची एक गोष्ट मला यापेक्षा पुढची वाटते. ३० जानेवारी १९४८ ला ते दिल्लीत नव्हते. गांधींनी त्यांना नोआखालीत थांबायला सांगितलं होतं, दंगलीने उद्ध्वस्त झालेल्या गावांत काम करायला. दहा वर्षं ज्या माणसाचे फोटो काढले, त्याचा शेवट त्यांच्या कॅमेऱ्यात नाही. काम आधी, कॅमेरा नंतर, हा क्रम त्यांनी पाळला आणि त्याची किंमतही दिली. मी हिंगणीला शिकवायला आलो की फोटो काढायला, असं मला कुणी विचारलं नाही. सोपं झालं असतं.

त्या मुलीची माफी मागायला मला तीन दिवस लागले. फोटो तिच्यासमोर डिलीट केला. पाठवलेले परत येत नाहीत, हेही सांगितलं. मग कॅमेरा आठवडाभर वर्गात ठेवला आणि अटी मुलांनी घालायच्या असं ठरलं. फळ्यावर पहिली अट आली, ‘झोपलेल्याचा काढायचा नाही.’ दुसरी, ‘दाखवायच्या आधी विचारायचं.’ तिसरीवर अजून वाद चालू आहे.

त्या आठवड्यात तिने एकच फोटो काढला. मी पाहिलेला आहे. तो कशाचा आहे आणि का चांगला आहे, हे समीक्षेच्या लेखात लिहायला हवं. मी विचारलं. ती नाही म्हणाली.