मालकीचा प्रकार आणि पर्यावरण : नियमगिरीच्या कसोटीवर

कंपनीचा मालक कोण आहे, यावर तिचे पर्यावरणविषयक वर्तन ठरते, असे व्यवस्थापनाच्या अभ्यासात अनेकदा मांडले जाते. सरकारी कंपनी लोकहित पाहते, कुटुंबाची कंपनी पुढच्या पिढीचा विचार करते आणि परदेशी गुंतवणूकदार असले की जागतिक मानके पाळली जातात, असा हा युक्तिवाद. तो परीक्षेत लिहायला सोपा आहे. पण प्रत्यक्ष उदाहरणावर तपासला की अपुरा पडतो.

ओडिशातील नियमगिरी डोंगरावरच्या नियोजित बॉक्साइट खाणीचे प्रकरण पाहू. या एकाच प्रकल्पात मालकीचे तिन्ही प्रकार होते. खाणीची बाजू ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन या राज्य सरकारच्या कंपनीकडे होती. बॉक्साइट जाणार होते वेदांत समूहाच्या लांजीगढ येथील कारखान्याला. समूहाची मुख्य कंपनी वेदांत रिसोर्सेस लंडनच्या शेअर बाजारात सूचीबद्ध होती आणि तिच्यावर अग्रवाल कुटुंबाचे नियंत्रण होते. वरील युक्तिवाद खरा असता, तर येथे पर्यावरणाची तिहेरी काळजी घेतली गेली असती. घडले उलटेच. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये वनमंजुरी नाकारली, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली ती सरकारी कंपनीच.

मग गुंतवणूकदारांच्या दबावाचे काय? नॉर्वेच्या सरकारी पेन्शन निधीने २००७ मध्ये आणि चर्च ऑफ इंग्लंडने २०१० मध्ये वेदांतमधील गुंतवणूक काढून घेतली. कंपनीच्या प्रतिमेला धक्का बसला, पण प्रकल्पाचा आग्रह सुटला नाही. निर्णायक 'नाही' आले २०१३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी खाण नाकारली. डोंगरिया कोंध आदिवासींचा शब्द येथे चालला तो भागधारक म्हणून नव्हे, तर वनहक्क कायद्याने दिलेल्या अधिकारामुळे.

याचा अर्थ मालकी गौण आहे, असा नाही. कंपनीला जाब कोण विचारू शकतो, हे काही प्रमाणात मालकीवरच ठरते. सेबीने २०२२-२३ पासून बंधनकारक केलेला शाश्वतता अहवाल बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना लागू आहे. असूचीबद्ध कंपन्या त्याबाहेर राहतात. वेदांत रिसोर्सेसही २०१८ मध्ये लंडनच्या बाजारातून बाहेर पडली.

म्हणून कोणत्याही कंपनीचा अभ्यास करताना मालकीचा रकाना भरून थांबू नये. नुकसान कोणाच्या वाट्याला येते आणि त्यांना नकार देण्याचा कायदेशीर अधिकार आहे का, हे दोन प्रश्न पुढे विचारलेच पाहिजेत.