बिगारी : अभाव कोणाचा?

अर्थापकर्षाची उदाहरणे देताना शब्दाची प्रतिष्ठा घटली एवढेच नोंदवून थांबण्याचा प्रघात आहे. ‘बिगारी’ हा शब्द या हिशेबात बसत नाही. गवंड्याच्या हाताखाली विटा आणि माल वाहणारा अकुशल मजूर हा त्याचा आजचा रूढ अर्थ. ज्या फारसी ‘बेगार’पासून तो आला, त्याचा अर्थ मात्र मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम असा आहे. मूळ अर्थातील अभाव मजुरीचा होता आणि त्याचा दोष काम करून घेणाऱ्याकडे जात होता. आजच्या अर्थातील अभाव कौशल्याचा आहे आणि तो मजुराच्या माथी मारला गेला आहे.

हा शब्द येण्यापूर्वी येथे ‘वेठ’ होतीच. तिचे मूळ संस्कृत ‘विष्टि’. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढ शिलालेखात रुद्रदामन सुदर्शन तलावाचा बांध प्रजेवर विष्टीचा जाच न करता बांधल्याचे अभिमानाने नोंदवतो. ज्या गोष्टीचा अभाव दगडावर कोरून ठेवावासा वाटतो, ती एरवी किती नित्याची असेल! पुढे ‘वेठबिगार’ या समासात दोन भाषांतील समानार्थी शब्द शेजारी येऊन बसले. राज्यकर्त्यांची भाषा बदलली. ओझे उतरले नाही.

येथे एक भाषिक वस्तुस्थिती लक्षात घेतली पाहिजे. ‘बिगार’पासून सोसणाऱ्याचे नाम रूढ झाले, लादणाऱ्याचे झाले नाही. ‘वेठीस धरणे’ या वाक्प्रचारातील कर्त्याची जागा म्हणूनच मोकळी राहिली. आज तीत संपकरी कामगाराला बसवले जाते. त्याने ‘जनतेला वेठीस धरले’ असे वृत्तपत्रे सहज लिहितात. ज्याला धरून नेले जाई, तोच धरणारा ठरतो.

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने या प्रथेस मनाई केली. त्याच्या इंग्रजी पाठातही ‘बेगार’ हाच शब्द आहे. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनाहून कमी मजुरीत करून घेतलेले काम हेही सक्तीचे श्रम होत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. आर्थिक विवशता हीदेखील सक्तीच, हे त्यामागील सूत्र. शब्दाने गमावलेला अर्थ असा न्यायालयात, तोही बांधकामाच्याच निमित्ताने, परत आला. समीक्षेने आणि कोशरचनेने ‘अकुशल मजूर’ एवढ्यावर समाधान मानणे, हे त्या शब्दातील जुनी तक्रार दप्तरी दाखल करून टाकण्यासारखे आहे.