तळीरामाची सोबत

राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला तळीराम सुधाकराला दारूकडे ओढून नेतो, असं आपण सवयीने म्हणून जातो, पण पहिल्या प्याल्याचा प्रसंग जरा सावकाश वाचला, तर ओढाताण अशी तिथे सापडतच नाही. सुधाकर वकील आहे, हुशार आहे, स्वतःच्या बळावर वर आलेला आहे आणि म्हणूनच मानी आहे. भर कोर्टात मुन्सफाशी त्याची बाचाबाची होते, काही मुदतीपुरती सनद जाते आणि ज्या बुद्धीवर त्याने आयुष्य उभं केलं, तिला एका दिवसात बेकार बसावं लागतं. जिवाभावाचा मित्र रामलाल विलायतेला गेलेला. घरात पत्नी सिंधू आहे. पण जिच्या डोळ्यांत आपण देव आहोत, तिच्यापुढे अपमानाची जखम उघडी करायला असा पुरुष धजत नाही. अशा वेळी त्याच्याजवळ उरतो तो त्याचा कारकून तळीराम. तो उपदेश करत नाही, कारणं विचारत नाही, ‘तुमचं चुकलं’ असं तर मुळीच म्हणत नाही. हा सल कसा विसरता येईल एवढंच तो सांगतो, आणि तेही आपण सोसलेल्या दुखण्यावर गुण आलेलं औषध दुसऱ्याला सुचवावं तितक्या मायेने. खलपुरुषाचं एवढं मृदू पाऊल मराठी रंगभूमीवर मला दुसरं दिसत नाही.

धंतोलीत राहणाऱ्या माणसाला हा प्रसंग अंमळ अधिकच भिडतो. नागपूरची ही जुनी वस्ती वकिलांची आणि डॉक्टरांची. फाटकावर नावाची पाटी, बाहेरच्या खोलीत कायद्याच्या पुस्तकांची कपाटं, आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात टेबलाशी बसलेला कारकून, हे चित्र इथल्या जुन्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं आहे. वकिलाचा कारकून म्हणजे काय, हे आपण ध्यानात घेतलं की गडकऱ्यांची निवड किती नेमकी आहे ते उमगतं. कोणता पक्षकार पैसे बुडवणार हे त्याला वकिलाआधी कळतं. कोर्टातून परतलेल्या मालकाने कोट खुंटीला कसा अडकवला, एवढ्यावरून त्या दिवशीचा निकाल तो ओळखतो. जे ज्ञान मित्राजवळ नाही, पत्नीजवळ नाही, ते या दुय्यम माणसाजवळ आहे. नाटककाराने खलत्वासाठी कुणी धनाढ्य शत्रू शोधला नाही, रूपवान प्रतिस्पर्धी आणला नाही. मालकाच्या दुबळ्या घटकेची वेळ ज्याला अचूक ठाऊक आहे, अशा माणसाच्या हाती त्याने प्याला दिला.

आणि या माणसाला त्यातून मिळतं काय? मला तळीरामाची सगळ्यांत मोठी मौज आणि सगळ्यांत मोठी भीती इथे वाटते. त्याला सुधाकराचा पैसा लुबाडून गडगंज व्हायचं नाही, सिंधूवर त्याचा डोळा नाही, जुन्या वैराचा हिशेब चुकता करायचा नाही. तो स्वतः पितो, त्यात त्याची खरीखुरी श्रद्धा आहे, आणि ही श्रद्धा त्याला एकट्याने भोगायची नाही. त्याच्या ‘आर्य मदिरा मंडळा’चा प्रवेश आपण हसत हसत वाचतो, कारण गडकऱ्यांचा विनोद तिथे पुराच्या पाण्यासारखा दुथडी भरून वाहतो, पण हसू ओसरल्यावर दिसतं ते असं, की या मंडळात शास्त्री आहे आणि खुदाबक्षही आहे. मंडळं स्थापायची, ठराव करायचे, सभा गाजवायच्या, असा तो काळ. त्या काळातल्या थोर सुधारकांना जी माणसं एका पंगतीला बसवता येत नव्हती, ती तळीरामाने एका प्याल्याभोवती बसवली. त्याचे युक्तिवाद तर इतके चपळ, इतके उमदे, की क्षणभर आपणही मान डोलावतो. खलपुरुषाला आपलं म्हणणं मनापासून पटलेलं असावं, हे सांगणं सोपं आहे. ते प्रेक्षकालाही क्षणभर पटेल इतकी प्रतिभा त्याला उसनी देणं फार अवघड. गडकऱ्यांनी आपली सगळ्यांत लखलखीत भाषा सज्जन रामलालला दिली नाही, तळीरामाला दिली. हे औदार्य नाटककाराला महागात पडू शकतं. इथे त्यानेच नाटक तारलं आहे.

या औदार्याची वाट सोपी नव्हती. ‘प्रेमसंन्यास’मधला कमलाकर घ्या किंवा ‘पुण्यप्रभाव’मधला वृंदावन घ्या, दोघेही जबर आहेत, पण दुष्टपणा हाच त्यांचा धंदा आहे, असं वाचताना वाटत राहतं. तळीरामापाशी येईपर्यंत गडकऱ्यांच्या लेखणीने खलपुरुषाच्या भुवया खाली उतरवल्या. मद्यपानावर नाटक लिहिणं त्यांच्या परंपरेत होतंच. त्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, जन्माने नागपूरचे आणि व्यवसायाने वकील, ‘मूकनायका’त 1901 साली हा विषय हाताळून गेले होते. शिष्याने त्यात घातलं ते हे रक्तामांसाचं माणूस.

तळीराम मरतो, तो प्रवेशही पाहावा. तो अंथरुणाला खिळला आहे, उशाशी डॉक्टर आणि वैद्य आपापली विद्या मिरवताहेत, आणि आपण पुन्हा हसतो आहोत. दुसऱ्या कुणी इथे खलपुरुषाला पश्चात्तापाचं भाषण दिलं असतं. तळीराम मात्र शेवटपर्यंत आपल्या प्याल्याशी इमान राखतो. ज्याने दुसऱ्याला बुडवलं त्याच पाण्यात तो स्वतः बुडतो, आणि किनाऱ्याकडे हात करत नाही. म्हणूनच त्याचा तिरस्कार करताना आपली जीभ अडखळते. त्याची बायको गीता मात्र अडखळत नाही. सिंधू जे सोसून घेते, ते ही फटकळ बाई तोंडावर बोलून दाखवते, आणि तळीरामाच्या चटकदार तत्त्वज्ञानाची किंमत घरात कुणी मोजली याचा झाडा तिच्या एकेका वाक्यात मिळतो.

‘एकच प्याला’ 1919 साली बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं; सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. गडकरी ते पाहायला नव्हते. आमच्या नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाड्याच्या वाटेवर सावनेर आहे. तिथे 23 जानेवारी 1919 रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्या अखेरच्या दिवसांत, शरीर पार खचलेलं असताना, ते ‘भावबंधन’ पुरं करत होते.

आणि ‘भावबंधना’त काय घडलं पाहा. ‘एकच प्याला’त अपमान नायकाचा होता आणि प्याला भरणारा दुसराच कुणी होता. ‘भावबंधना’त अपमान खुद्द खलपुरुषाचा आहे. घनश्याम बुद्धिमान आहे आणि कुरूप आहे. लतिकेसारखी रूपगर्विता त्याच्या कुरूपतेला हसते, आणि नाटकातलं पुढचं सारं विष त्या हसण्यातून पाझरतं. सुधाकराची जखम आणि तळीरामाची बुद्धी एकाच देहात आणून बसवली, तर जो माणूस तयार होईल, तो हा घनश्याम. सुधाकराने आपला अपमान प्याल्यात बुडवला. घनश्याम तो जपून ठेवतो, त्याला धार लावतो. पुढे बळवंत संगीत मंडळीत चिंतामणराव कोल्हटकरांनी हा घनश्याम असा उभा केला, की लतिकेच्या भूमिकेत मास्टर दीनानाथांसारखा गळा समोर असतानाही प्रेक्षक या कुरूप माणसाचं बोलणं ऐकायला येत राहिले.