‘चौघीजणी’ आणि चाकरमान्यांची घरे

लुईसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद मराठीत मुलींचे पुस्तक म्हणून ओळखला जातो. समीक्षेत त्याचा उल्लेख झालाच तर शांताबाईंच्या अनुवादांच्या यादीत होतो आणि यादी पुढे सरकते. हलकीफुलकी, प्रेमाबिमाची कादंबरी. तिच्यावर आणखी काय लिहायचे, असा एकूण सूर. मला हे पुस्तक तेवढेच वाटत नाही, आणि त्याचे कारण मी ते जिथे बसून वाचते त्या गावात आहे.

फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातले गाव. इथून घाट चढला की दाजीपूर, राधानगरी आणि पुढे कोल्हापूर. पण इथल्या घरांचा खरा रस्ता मुंबईला जात असे. घरातला पुरुष गिरणीत, गोदीत नाहीतर हॉटेलात; गावी आजी, आई, काकी आणि मुली. बाप येणार गणपतीला, जमले तर शिमग्याला. एरवी पोस्टमन येणार.

आता ‘चौघीजणी’ची सुरुवात पाहा. वडील अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैन्याचे धर्मोपदेशक म्हणून गेलेले. नाताळ तोंडावर आलेला, आणि भेटवस्तूंना पैसे नाहीत. आई वडिलांचे पत्र वाचायला बसते. मुली तिच्याभोवती गोळा होतात, आणि ज्यो मुद्दाम खुर्चीच्या मागे उभी राहते. डोळ्यांत पाणी आलेच तर कुणाला दिसू नये. इथल्या साठीच्या पुढच्या ज्या बायकांशी मी या पुस्तकाविषयी बोलले, त्यांना लॉरी नीट आठवत नव्हता. पत्र आठवत होते. फरक इतकाच की आपल्याकडे पत्र वाचणारी आई नसे, शाळेत जाणारी मुलगी असे. कर्ज किती, मनीऑर्डर का उशिरा, हे आईच्या आधी तिला कळे. आईने सांगितलेले उत्तर लिहितानाही काय गाळायचे ते तीच ठरवी. मार्च कुटुंबातल्या कुणावर ही पाळी आली नाही.

पुरुष नसलेले घर ही पुण्यामुंबईच्या वाचकाला गोष्टीपुरती केलेली सोय वाटली असेल. इथे ती रीत होती. म्हणूनच कादंबरीतला पैशाचा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. मेग दुसऱ्यांची मुले सांभाळते, ज्यो म्हाताऱ्या आत्याकडे सोबतीला जाते. वडील आजारी पडल्यावर आईच्या प्रवासासाठी ज्यो केस विकते आणि पंचवीस डॉलर आणते. ज्या पुस्तकाला आपण गोड म्हणतो त्यात मुलीच्या केसांची किंमत आकड्यात दिली आहे!

मिळवत्या मुलीचा हा विषय मराठीत नव्हता असे नाही. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये (1933) ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा आहे, आणि शीर्षकातच सारे आले. पण तिथे मिळवती मुलगी एकटी आहे, आणि तिला हसायला जागा नाही. ‘चौघीजणी’त ओढगस्त तीच, पण ती चौघींत वाटली जाते, माळ्यावर नाटके होतात, घरातले वर्तमानपत्र निघते. माझ्या मते या कादंबरीतला खरा प्रणय या घराशीच आहे. लग्ने त्या मानाने फिकी उतरली आहेत.

याला पुरावा खुद्द लेखिकेचा. पहिला भाग 1868 साली आला, दुसरा 1869 साली. ज्योने लग्नावाचून लेखिका म्हणून राहावे, असे अल्कॉटच्या मनात होते. पण वाचक मुलींनी लग्नाचा लकडा लावला, म्हणून आपण थोड्या खोडसाळपणाने हा जोडीदार शोधला, असे तिनेच मैत्रिणीला कळवले होते. तेव्हा ज्योच्या पदरात प्रोफेसर भाअर पडले. त्याहून मला खटकते ते पुढचे. मार्च आत्याचे मोठे घर वारशाने ज्योला मिळते आणि ती तिथे शाळा काढते, तीही मुलग्यांची. बायकांच्या घराची ही कादंबरी शेवटी मुलग्यांनी भरलेल्या घरात जाऊन थांबते.

आपल्याकडे वाटून राहायच्या जागा पुरुषांच्याच होत्या. लालबाग-परळला गावकऱ्यांच्या खोल्या होत्या. पाळीप्रमाणे माणसे कामावर जात, पाळीप्रमाणे झोपत. त्यांचे जेवण खानावळवाल्या बायका रांधत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. मनीऑर्डरी आटल्या, कितीतरी माणसे गावी परतली. मग हळूहळू मुली बाहेर पडल्या, नर्सिंगला, दुकानांत, कंपन्यांत. मुंबईला, पुण्याला, गोव्याला. नात्यागोत्याच्या नसलेल्या मुली एका खोलीत राहू लागल्या.

त्यांची घरे कथेत शोधायला गेले की नात्याची घरे सापडतात. प्रशांत दळवींचे ‘चारचौघी’ (1991) धीट नाटक आहे, पण त्या चौघी आई आणि तीन मुली. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ मालिकेने 2015 साली परक्या मुलामुलींना एका फ्लॅटमध्ये आणले आणि त्या फ्लॅटला ‘माजघर’ नाव दिले. जुन्या घरात माजघर बायकांचे असे. मालिकेत ते मुलगे आणि मुली दोघांचे झाले. मालिका मी आवडीने पाहिली. पण चाकरमान्याच्या तीन मुलींनी नालासोपाऱ्याला भाड्याने घेतलेली खोली, एक शेगडी, गावी पाठवायच्या पैशांचे तीन वेगळे हिशेब, रविवारी केस धुवून वाळवत केलेल्या गप्पा आणि त्यांतल्या एकीचे कुणावर तरी बसलेले मन, अशी हलकीफुलकी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. तोवर त्या ‘चौघीजणी’च वाचतात.